काठावरची अक्षरं : आत्याच्या टॅबला कीबोर्ड निवडताना

गेल्या पावसाळ्यात कराडला आजी पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि आत्याचा आठवडा दोन गावांत वाटला गेला. सोमवार ते गुरुवार कराड, उरलेले दिवस कोल्हापूर. आत्या सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून अनुवादाचं आणि मुद्रितशोधनाचं काम करते. हे काम घरून होतं खरं, पण त्यासाठी सोबत न्यायचा लॅपटॉप साडेपंधरा इंची, सव्वादोन किलोचा, त्यात बॅटरी मेलेली. म्हणजे चार्जरही हवाच. एसटीच्या पायऱ्या चढताना खांदा दुखायला लागला तेव्हा तिने मला फोन केला.

“तुझ्या दादाने दिलेला तो टॅब नुसता पडलाय. त्याला कीबोर्ड लावून त्याचाच लॅपटॉप करून दे बघू.”

घरातल्या फुकटच्या तंत्रज्ञाला नाही म्हणायची सोय नसते. मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम आहे. त्याला जवळजवळ दीड महिना लागला. वेळ कशात गेला ते नीट लिहून ठेवतोय, कारण शोधताना मला जे जे सल्ले मिळाले ते सगळे इंग्रजी टाइप करणाऱ्याचे होते. मराठी टाइप करणाऱ्याच्या हाताला नेमकं काय लागतं, हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

टॅब म्हणजे सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब एस ६ लाइट, २०२० सालचं मॉडेल. पडदा १०.४ इंची, वजन साधारण ४६५ ग्रॅम, लिहायचं पेन सोबत. कीबोर्डच्या दृष्टीने त्याच्या दोन गोष्टी आधीच कळल्या ते बरं झालं. एक, याच्या पाठीला किंवा कडेला कीबोर्ड जोडायच्या धातूच्या टिकल्या नाहीत. त्या असलेल्या टॅबला कीबोर्ड नुसता चिकटवला की चालू होतो, वीजही टॅबकडूनच घेतो. आमच्यासाठी वाट ब्लूटूथची, म्हणजे कीबोर्डला स्वतःचा सेल आणि स्वतःची झोप. दोन, सॅमसंगच्या वरच्या टॅबमध्ये डेस्कटॉपसारख्या खिडक्या उघडणारी डेक्स नावाची सोय असते, ती यात नाही. पण पडदा उभा दोन भागांत वाटता येतो: डावीकडे मूळ पीडीएफ, उजवीकडे अनुवाद. आत्याला तेवढंच हवं होतं.

आतेभावाने मध्येच सुचवलं की आयपॅडच घेऊन टाकू. दहाव्या पिढीचा आयपॅड आला तेव्हा भारतात त्याची किंमत ४४,९०० रुपये होती आणि ॲपलच्या त्याच्या कीबोर्डची, मॅजिक कीबोर्ड फोलिओची, २४,९००. दोन्ही मिळून ६९,८००. आत्या म्हणाली, “एवढ्यात चांगला लॅपटॉप येतो की रे, मग टॅबला लॅपटॉप बनवायचं कशाला?” याला उत्तर नव्हतं.

कोणताही कीबोर्ड विकत घ्यायच्या आधी एक शहाणपणाची गोष्ट मात्र माझ्याकडून घडली. जुन्या कॉम्प्युटरचा तारेचा कीबोर्ड माळ्यावरून काढला आणि बाजारात सहज मिळणारा छोटासा ओटीजी जोड (टॅबला यूएसबीची वस्तू जोडता येते तो) लावून टॅबच्या यूएसबी-सी तोंडात खुपसला. कीबोर्ड लगेच चालू झाला. पण पडद्यावरचा कीबोर्ड मराठी असूनही तारेच्या कीबोर्डवर इंग्रजी ‘के’ (K) दाबलं की इंग्रजी ‘के’च उमटत होतं.

इथे पुष्कळांची गल्लत होते. बोटाने पडद्यावर जे बडवतो तो कीबोर्ड एक आणि बाहेरून जोडलेला दुसरा. पहिल्याची भाषा बदलली म्हणून दुसऱ्याची बदलेलच असं नाही. दुसऱ्यासाठी सेटिंगमध्ये फिजिकल कीबोर्ड नावाचा वेगळा कोपरा असतो आणि कोणतं बटण दाबल्यावर काय उमटायचं ती मांडणी तिथे निवडावी लागते. अँड्रॉइडला ४.१ आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून, अशी मांडणी बाहेरच्या ॲपकडूनही पुरवता येते. तसं इनस्क्रिप्टचं, म्हणजे आत्याच्या सवयीच्या प्रमाणित मराठी मांडणीचं, एक ॲप मिळालं, बसवलं, आणि ‘के’च्या बटणावर ‘क’ आला. आत्याला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर तिला त्यात नवल काहीच वाटलं नाही. “क तिथेच असतो,” म्हणाली.

एक उणीव उरली. इनस्क्रिप्टमध्ये आकड्यांच्या ओळीत शिफ्टसह ज्ञ, त्र, क्ष, श्र ही जोडाक्षरं एका फटक्यात मिळतात. या मांडणीत ती उमटेनात. अँड्रॉइडच्या मांडणीच्या फाइलीत एका बटणाला एकच चिन्ह देता येतं आणि क्ष दिसायला एक असला तरी आत तीन चिन्हांचा असतो: क, पायमोडका हलंत, ष. म्हणजे ‘अक्षर’ लिहिताना क्ष फोडून लिहायचा. आत्याने दोन दिवस कुरकुर केली, मग हात वळला. ही अडचण कीबोर्ड विकत घेतल्यावर कळली असती तर आम्ही दोष बिचाऱ्या कीबोर्डला दिला असता.

आता खरेदी. मी जी पहिली वस्तू मागवली ती दिसायला हुबेहूब लॅपटॉप होती. या टॅबच्या मापाचं कव्हर, आतल्या बाजूला कीबोर्ड, बिजागरी, खाली छोटा टचपॅड. टॅब त्यात बसवून मिटला की वहीसारखा दिसे. इतका देखणा होता की पेटी उघडल्यावर आजीनेही पलंगावरून मान वळवून पाहिलं. आत्याने त्याच संध्याकाळी कामाला घेतला आणि रात्री साडेनऊला तिचा फोन.

“अरे, मी ‘आहे’ लिहिलं की माझा कर्सर वरच्या ओळीत का जातो?”

मला वाटलं टचपॅडला तळवा लागत असेल. टचपॅड बंद करायला सांगितला. कर्सर तरी वर जातच राहिला. ‘आणि’ लिहिताना जाई, ‘आई’ लिहिताना जाई, पण ‘काम’ लिहिताना जात नसे. सगळ्यात मजेशीर प्रकार ‘डॉक्टर’चा. आजीच्या औषधांची टिपणं लिहिताना ‘डॉक्टर’ या शब्दाचे तुकडे पडत. एका ओळीत ‘डाक्’ आणि खालच्या ओळीत एकटा ‘र’. तिने पडद्याचा फोटो पाठवला तेव्हा मी आधी हसलो, मग इनस्क्रिप्टचा तक्ता उघडून बसलो. तिथे सगळा उलगडा झाला.

इनस्क्रिप्ट ही मांडणी १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात आली. तिचं तत्त्व सुरेख आहे: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. एफ आणि जे या बटणांवर बोटाला जाणवणारे जे उंचवटे असतात त्यांवर वेलांटी आणि र येतात. पण आपल्याकडे व्यंजनं इंग्रजी अक्षरांच्या बटणांत मावत नाहीत. मग ती उजवीकडे सांडतात, जिथे इंग्रजीत विरामचिन्हं असतात. सेमीकोलनच्या जागी च. त्याच्या शेजारी, एंटरला चिकटून, अवतरणचिन्हाच्या जागी ट. वरच्या ओळीत कंसाच्या जागी ड. एंटरच्या वर, उलट्या तिरक्या रेघेच्या जागी ‘ऑ’ची अर्धचंद्र-काना मात्रा. खाली, उजव्या शिफ्टला लागून, तिरक्या रेघेच्या जागी य. ही सगळी एकट्या उजव्या करंगळीची अक्षरं. इंग्रजी लिहिणाऱ्याची ही करंगळी बराच वेळ नुसती बसून असते. मराठीत तिला ‘चा, ची, चे, च्या’ सांभाळावं लागतं, म्हणजे एका वाक्यात निदान एकदा तरी धाव.

आता दुसरी बाजू, मापाची. नेहमीच्या कीबोर्डवर एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत साधारण १९ मिलिमीटर अंतर असतं. बॅकस्पेस, एंटर वगैरे धरून एका ओळीत पंधरा बटणांची रुंदी लागते, म्हणजे जवळपास २८५ मिलिमीटर. आमचा टॅब आडवा धरला तर २४४.५ मिलिमीटर रुंद. त्याच्या मापात कीबोर्ड बसवायचा तर चार सेंटिमीटर कुठून तरी कापायलाच हवेत. बनवणारा ते कुठून कापतो? ए पासून झेडपर्यंतच्या बटणांना तो शक्यतो हात लावत नाही, कारण दुकानात गिऱ्हाईक तीच दाबून बघतं. तो कापतो उजवा काठ. आत्याच्या कीबोर्डवर च, ट आणि ड यांची बटणं निम्म्या रुंदीची होती. ‘ऑ’च्या मात्रेचं बटण तर तिथून उचलून खाली स्पेसच्या शेजारी, एफएन दाबून मिळेल असं ठेवलेलं. आणि उजव्या शिफ्टच्या जागी, य ला लागून, वर जायचा बाण. खरी शिफ्ट त्याच्याही पलीकडे, नखाएवढी.

‘आ’ इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि इंग्रजी ‘ई’च्या (E) बटणावर. ते बटण डाव्या हाताचं, म्हणून ज्याने टायपिंग रीतसर शिकलंय तो शिफ्ट उजव्या करंगळीने दाबतो. आत्याची करंगळी वर्षानुवर्षांच्या सवयीने शिफ्टकडे जायची, तिथे बाण बसलेला, आणि कर्सर वर. ‘आहे’ हा शब्द मराठीत किती वेळा येतो ते मोजायची गरज नाही. ट दाबताना करंगळी अर्ध्या बटणावरून घसरून एंटरवर जाई, म्हणून डॉक्टर फुटत होता.

तो कीबोर्ड वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगतो. इंग्रजीत ईमेल लिहिणाऱ्याला तो वर्षभर सुखाने चालला असता आणि त्याने त्याला पाच तारेही दिले असते. परतीची मुदत संपायच्या आत मी तो परत केला.

दुसरी खोड झोपेची होती आणि ती कोणत्याही ब्लूटूथ कीबोर्डला कमीअधिक असते. काही मिनिटं हात थांबला की कीबोर्ड सेल वाचवण्यासाठी झोपतो आणि जागा होताना पहिलं बटण खाऊन टाकतो. इंग्रजीत एक अक्षर गळतं, कळतं, भरतो. मराठीत ‘का’ मधला क गळला तर मागे उरतो नुसता काना, ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकलेला. अनुवादकाला तर थांबून विचार करायचीच नोकरी, त्यामुळे असे लटकलेले काने पानोपानी. यावरचा उपाय आत्यानेच काढला: पुन्हा लिहायला लागताना आधी नुसती शिफ्ट दाबायची. तिचं काही उमटत नाही, कीबोर्ड मात्र जागा होतो. “झोपलेल्या माणसाला हाक मारतो ना आधी, तसं.”

यानंतर मी मापपट्टी घेऊनच शोधायला लागलो. मित्राकडे लॉजिटेकचा के ४८० होता, तो आठवडाभर मागून आणला. त्याच्या वरच्या कडेला एक खाच आहे, टॅब त्यात उभा करायचा. बटणं पूर्ण, काठ शाबूत, आणि मांडीवरही पडत नाही. का पडत नाही? कारण कीबोर्डच ८२० ग्रॅमचा. लॅपटॉप मांडीवर स्थिर राहतो कारण त्याचं वजन खालच्या अर्ध्यात असतं. टॅबच्या बाबतीत सगळा कॉम्प्युटर वरच्या अर्ध्यात, म्हणून खालचा कीबोर्ड हलका असेल तर टॅब मागे कलंडतो. के ४८० ने ते वजनाने सांभाळलं. पण बेरीज करून पाहिली: टॅब आणि हा मिळून १,२८५ ग्रॅम. ॲपलचा एम १ मॅकबुक एअर १.२९ किलोचा आहे! म्हणजे फिरून आम्ही एका हलक्या लॅपटॉपपाशीच आलो होतो. आत्याला हे गणित सांगितल्यावर ती म्हणाली, “मग ओझं तेवढंच की.”

इथे मी एक प्रश्न विचारला, जो खरं तर पहिल्या दिवशी विचारायला हवा होता: तू नेमकी कुठे कुठे बसून टाइप करणार आहेस?

मी डोक्यात धरलं होतं ते एसटी, आजीचा पलंग आणि कोल्हापूरचं जेवणाचं टेबल. एसटीत मांडीवर लिहिता यावं म्हणून तर बिजागरीचा हट्ट. पण आत्या एसटीत टाइप करतच नाही. “पेठनाक्यापर्यंत प्रुफं बघते, पुढे झोपते.” प्रुफं बघायला टॅबचं पेन पुरतं, पीडीएफवरच खुणा करायच्या, कीबोर्ड पिशवीतच. आजीजवळ ती पलंगाशेजारच्या खुर्चीत बसते. आणि कोल्हापुरात टेबलापेक्षा जमिनीवर, भिंतीला टेकून, पुढ्यात चौरंग. या तिन्हींत लॅपटॉपसारखी बिजागरी कुठेच लागत नव्हती. ती मागणी माझी होती, आत्याची नव्हे. तिने फोनवर ‘लॅपटॉप करून दे’ म्हटलं आणि मी शब्दशः घेतलं.

मग के ३८० घेतला. हाही लॉजिटेकचाच, २७९ मिलिमीटर रुंद, ४२३ ग्रॅम, दोन ट्रिपल-ए सेलवर चालणारा. बटणं गोल आहेत. सुरुवातीला मला ते पोरखेळासारखं वाटलं, पण च, ट, ड, य यांची बटणं अक्षरांच्याच मापाची आहेत, उजवी शिफ्ट चांगली लांब आहे आणि बाण खाली आपापल्या जागी. टॅब कव्हरच्या घडीवर उभा राहतो. कीबोर्ड सुटा. टॅब धरून वजन नऊशे ग्रॅमच्या आत.

आत्याने बसायची जी पद्धत लावली ती मी सुचवलेली नव्हती. खुर्चीत बसते, कीबोर्ड मांडीवर, खाली दुमडलेला टॉवेल. टॅब मात्र आजीच्या पलंगाशेजारच्या औषधांच्या कपाटावर, डोळ्यांच्या उंचीला. मान सरळ. लॅपटॉपमध्ये हे होऊच शकत नाही: पडदा वर घ्यावा तर हात वर जातात, हात खाली ठेवावेत तर मान खाली जाते. दोन्ही सुटे असल्यामुळे ते जमलं. जमिनीवर बसताना चौरंगावर टॅब आणि मांडीवर कीबोर्ड. खांद्याचं दुखणं ओझं कमी झाल्याने थांबलं, पण मानेचंही थांबलं, ज्याची तिने माझ्याकडे कधी तक्रारच केली नव्हती.

मी एक आगाऊपणाही केला. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून देवनागरी अक्षरांचे स्टिकर आणले. चौकोनी स्टिकर, गोल बटणं. कोपरे बाहेर लोंबायला लागले. आत्याने एकेक सोलून काढले. “मी बटणांकडे बघते असं तुला कुणी सांगितलं?” नव्याने मराठी टाइप करायला शिकणाऱ्याला मात्र छापील अक्षरं लागतात, त्याने गोल बटणांच्या वाटेला जाताना विचार करावा.

सॉफ्टवेअरमध्ये थोडं इकडेतिकडे करावं लागलं. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये १०.१ इंचांपर्यंतच्या पडद्यावर फुकट लिहिता येतं, त्यापेक्षा मोठ्यावर वर्गणी मागतात. आमचा पडदा १०.४, तीन दशांशांनी हुकला. म्हणून लिखाण गूगल डॉक्समध्ये, देताना वर्डची फाइल उतरवून द्यायची. मराठी-इंग्रजी अदलाबदल आमच्या टॅबवर कंट्रोल आणि स्पेस एकत्र दाबून होते. के ३८० ला तीन यंत्रं जोडून ठेवता येतात. पहिल्या बटणावर टॅब आहे, दुसऱ्यावर तिचा फोन. फोनवर लांबलचक निरोपही ती आता कीबोर्डनेच लिहिते, त्यामुळे आमच्या घरच्या ग्रुपवर तिचे निरोप पत्रासारखे यायला लागलेत.

जमलं नाही ते एकच: शेवटची जुळवणी. तळटिपा, अनुक्रमणिका, दोनशे पानांच्या फाइलीत एकाच शब्दाचं लेखन सगळीकडे बदलणं, ही कामं टॅबवर चिकाटीची परीक्षा बघतात. त्यासाठी तो मेलेल्या बॅटरीचा लॅपटॉप कोल्हापुरात भिंतीजवळच्या प्लगाला कायमचा जोडून ठेवलाय. शुक्रवारी ती त्याच्यापुढे बसते.

परवा कराडला गेलो तेव्हा ऑफिसने दिलेला नवा लॅपटॉप सोबत होता. पातळ, चकचकीत, मी जरा मिरवतच होतो. आत्याने तो पुढ्यात ओढला, मराठी मांडणी कशी लावायची ते विचारलं आणि बटणांकडे न बघता एकच शब्द लिहिला: डॉक्टर. मग उजव्या शिफ्टने ‘आहे’.

“हा चालेल,” म्हणाली आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.